माटोळीतले ताटात आणूया

चतुर्थीच्या आदल्या दिवशी डिचोलीच्या बाजारात पाय ठेवायला जागा नसते. आजूबाजूच्या गावांतून आलेल्या बायका भल्या पहाटेपासून रस्त्याच्या कडेला बसलेल्या असतात. पुढ्यात माटोळीचे सामान: सुपारीची शिपटी, तवशी, चिबूड, नीरफणस, आंबाडे, करमले, पडवळ, भेंडे, मावळिंगे, तोरिंगे आणि रानातून तोडून आणलेली कितीतरी फळे-फुले. पेडण्याच्या बाजारातही तेच. मुले वडिलांच्या मागे हिंडत असतात, हे काय, ते काय, असे विचारत असतात. संध्याकाळी गणपतीच्या डोक्यावरची चौकट भरते आणि आपल्या मातीने त्या वर्षी जे जे दिले ते सगळे देवासमोर टांगले जाते.

मग विसर्जन होते, माटोळी उतरते, शाळा पुन्हा भरते. आणि त्याच मुलाच्या दप्तरातून क्रीमची बिस्किटे निघतात, झटपट नूडल्सचा गार झालेला गोळा निघतो, नाहीतर शाळेच्या वाटेवर घेतलेले चिप्सचे पाकीट.

देवाला आपण दाखवतो एक आणि मुलाला देतो दुसरेच. ही गोष्ट आपल्या सगळ्यांच्या घरात घडते आहे, आणि म्हणूनच ती आपल्याला सगळ्यांना मिळून बदलता येईल.

पेडणे आणि डिचोली या तालुक्यांबद्दल मुद्दाम बोलायचे कारण असे, की इथे अजून खूप काही हातात आहे. शापोरा आणि तेरेखोल नद्यांच्या काठची खाजने आहेत. आगरवाडा-चोपड्याची मिठागरे आहेत. मये-नार्वे-लामगावची कुळागरे आहेत. पहिल्या पावसात पठारांवर आणि बांधांवर उगवणारी पालेभाजी आहे. आणि या सगळ्याचे काय करायचे हे जाणणाऱ्या आज्या अजून घरोघरी आहेत. पण त्या सत्तरी-ऐंशीच्या घरात पोचल्या आहेत आणि त्यांची नातवंडे आठ-दहा वर्षांची आहेत. या दोघांनी एकत्र स्वयंपाकघरात उभे राहायची वेळ आत्ताची आहे. आणखी दहा वर्षांनी ती नसेल.

काय जाते आहे ते आधी नीट पाहू.

सकाळची पेज जाते आहे. उकड्या तांदळाची पेज, बरोबर खाराची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा. कुळथाची पिठी जाते आहे. नाचणीचे सत्त्व तान्ह्या बाळापुरते उरले आहे. दात आले की ते बंद होते, जणू मोठ्या मुलांना हाडेच नसतात. तायकिळ्याची भाजी, कुडुक, रानातले तेरे, फागले, बांबूचे कोवळे कील ही पावसाळ्यातली एकेक भाजी आता मुलांना नुसती नावाने ठाऊक असते, आणि पुष्कळांना नावानेही नाही. शेवग्याचा पाला परसात असतो, पण तो गुरांसमोर पडतो. खतखते वर्षातून एकदा, नैवेद्याला. दिवाळीचे दुधातले, ताकातले, गुळातले पोहे मात्र टिकून आहेत, कारण त्यांना सणाचा आधार आहे.

हे नुसते पदार्थ जात नाहीत, त्यांच्याबरोबर जाणतेपण जाते. तायकिळा फुलावर यायच्या आत खुडायचा, कोवळा असतानाच. अळूत आंबट घातले नाही तर घसा खवखवतो. कडू कारांदा राख घालून उकडायचा. अळसांदे आदल्या रात्री भिजत घालायचे. तिरफळ ठेचायचे, वाटायचे नाही. असल्या शेकडो गोष्टी पुस्तकात लिहिलेल्या नाहीत. त्या आजीच्या हातात आहेत आणि हात चालताना पाहूनच त्या पुढच्याला येतात.

आणखी एक साखळी आहे, ती फारशी कोणी बोलून दाखवत नाही. मूल पेज खायचे थांबले की घरात उकड्या तांदळाचे पोते यायचे थांबते. मग खाजनातल्या खाऱ्या पाण्यात तग धरणाऱ्या कोरगुट भाताला गिऱ्हाईक उरत नाही. शेतकरी शेत पडीक टाकतो. शेत पडीक पडले की बांधाकडे आणि मानशीकडे कोणी बघत नाही, बांध फुटतो, खारे पाणी आत शिरते. शेजारच्याने पिकवायचे ठरवले तरी मग त्याला पिकवता येत नाही. याच कोरगुटमधून निवड करून जुन्या गोव्याच्या कृषी संशोधन संस्थेने ‘गोवा धान’ ही वाणे तयार केली. म्हणजे शास्त्रज्ञांनाही पुढची वाट शोधायला आपल्या आजोबांच्या बियाण्याकडेच यावे लागले. ते बियाणे जिवंत ठेवायचा सगळ्यांत सोपा उपाय म्हणजे ते खाणे.

हरमलच्या मिरचीला भौगोलिक मानांकन मिळाले, आपण अभिमानाने बातमी वाचली. पण हरमलपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मुलाच्या जिभेला पाकिटातल्या मसाल्याची चव घरच्या मिरचीपेक्षा अधिक ओळखीची असेल, तर त्या मानांकनाचे आपण केले काय?

आता, हे सगळे नुसत्या आठवणींपायी जपायचे असते तर मी एवढ्या कळकळीने लिहिले नसते. प्रश्न आपल्या मुलांच्या शरीराचा आहे.

जून २०२३मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची देशव्यापी मधुमेह पाहणी ‘लॅन्सेट’ समूहाच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. देशातल्या प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ११.४ टक्के निघाले. राज्यांच्या यादीत सगळ्यांत वर होता आपला गोवा: २६.४ टक्के. चारातल्या एकाहून अधिक. आपल्याच वाड्यावरची घरे डोळ्यांसमोर आणा, आकडा खोटा वाटणार नाही.

दुसऱ्या बाजूला २०१९ ते २०२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या मुलांपैकी साधारण चारातले एक मूल वयाच्या मानाने बुटके आढळले, आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या निम्म्याहून अधिक मुलांत रक्त कमी आढळले. साक्षर, सधन, दवाखाने जवळ असलेल्या गोव्यात! एकाच घरात आजोबांना साखर आणि नातीला रक्त कमी. दोघांच्या दुखण्याचे धागे बऱ्याच अंशी एकाच ताटाशी जाऊन मिळतात.

मे २०२४मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीयांसाठी आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे काढली. देशातल्या एकूण आजारभारापैकी ५६.४ टक्के वाटा चुकीच्या आहाराशी जोडलेला आहे, असे तिथे स्पष्ट म्हटले आहे. रोजची साखर २०-२५ ग्रॅमच्या आत ठेवा, असेही. आता हिशेब करू. रंगीत गोड पेयाच्या ३०० मिलिलिटरच्या बाटलीत साधारण ३० ग्रॅम साखर असते. म्हणजे सहा चमचे. मुलाने शाळेतून येताना एक बाटली संपवली की दिवसाची मर्यादा तिथेच ओलांडली. सकाळचा गोड चहा आणि बिस्किटे आपण अजून मोजलेलीच नाहीत.

उलट आपल्या जुन्या अन्नाकडे पाहा. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पांढऱ्या तांदळात जेमतेम दहा. कुळथात वजनाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक प्रथिने. शेवग्याच्या पाल्यात कॅल्शियम आणि लोह दोन्ही. भात उकडला की कोंड्यातली ब गटातली जीवनसत्त्वे दाण्यात मुरतात आणि सडल्यावरही बरीचशी टिकतात. उकड्या तांदळाची पेज म्हणूनच अंगी लागते. मेथी-पालक बेळगावहून यायच्या आधी आपल्या आज्यांनी हिरवा पाला, आंबट फळ आणि कडधान्य यांची जी सांगड घातली होती, ती आज आहारतज्ज्ञ सांगतात त्याहून फार वेगळी नाही. पाल्यातले लोह शरीराला मिळायला बरोबर क जीवनसत्त्व हवे असते. अशा भाजीबरोबर आवळ्याची फोड किंवा लिंबू-तोरिंग आले की ते मिळते.

या अन्नावर आपण उगाच पाणी सोडले असे मी म्हणणार नाही. माणसे आळशी झाली, बायका घरात टिकत नाहीत, असली वाक्ये आपण टाळूया. ती खोटी आहेत आणि त्यांनी कोणाचेही पोट भरत नाही.

खरी कारणे वेगळी आहेत. डिचोलीत खाणींच्या काळात कित्येक शेतांत खाणीचा गाळ येऊन बसला. २०१२मध्ये खाणी थांबल्या तेव्हा हातातला पैसा गेला, आणि गेलेली शेते मात्र परत आली नाहीत. पेडण्यात मोपाचा विमानतळ ५ जानेवारी २०२३पासून सुरू झाला. हॉटेले, दुकाने, वाहने वाढली. घरातली दोन्ही माणसे पाळ्यांमध्ये कामाला जातात. पहाटे कंपनीची बस गाठायची असते. अशा घरात आईने कुळीथ भाजून, दळून, पिठी करावी असे सांगणे म्हणजे तिच्या डोक्यावर आणखी एक ओझे ठेवणे आहे. त्यातच माकडांनी परस उजाड केलेला असतो, गवे शेतात येतात, आणि दोडामार्गाकडून उतरलेल्या हत्तीने पेडण्यातल्या बागायतदारांचे काय हाल केले ते २०२५मध्ये आपण पाहिलेच आहे. मग पिकवणार कोण आणि शिजवणार कोण?

म्हणून हे काम एकट्या आईचे नव्हे, घराचे आहे, शाळेचे आहे, पंचायतीचे आहे, गाडेवाल्याचे आणि पोदेराचेही आहे. वाटून घेतले तर झेपण्यासारखे आहे.

सुरुवात शाळेतल्या ताटापासून करूया, कारण ते ताट आधीपासूनच आपल्या हातात आहे. १९९५मध्ये देशात माध्यान्ह आहार सुरू झाला. २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मुलांना शिजवलेले गरम अन्न द्या असा आदेश दिला. २०२१पासून योजनेचे नाव पीएम पोषण आहे. नियमानुसार प्राथमिकच्या मुलाला रोज ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळायला हवीत. त्यासाठी १०० ग्रॅम धान्य, २० ग्रॅम डाळ, ५० ग्रॅम भाजी. उच्च प्राथमिकच्या मुलाला ७०० कॅलरी, २० ग्रॅम प्रथिने. १५० ग्रॅम धान्य, ३० ग्रॅम डाळ, ७५ ग्रॅम भाजी. हे आकडे प्रत्येक पालकाला पाठ असावेत असे मला वाटते. मुलाचे गुण विचारतो तसे ‘आज ताटात भाजी किती होती?’ हेही विचारूया.

आपल्याकडे हा आहार ठिकठिकाणी गावचेच महिला स्वयंसाहाय्य गट शिजवतात. हे आपले मोठे भाग्य आहे. दूरच्या कारखान्यातून डबे येत नाहीत. शिजवणारी बाई मुलाला नावाने ओळखते. या बायका थोड्या पैशांत हे काम करतात. केंद्राने १ मे २०२५पासून ठरवलेला साहित्याचा खर्च प्राथमिकसाठी मुलामागे ६ रुपये ७८ पैसे आणि उच्च प्राथमिकसाठी १० रुपये १७ पैसे आहे. राज्य त्यात आपली भर घालू शकते. एवढ्यात पाव-भाजी, पुलाव, शिरा हेच आलटून पालटून फिरणार. त्यांना नावे ठेवण्यापेक्षा त्यांच्या पाठीशी उभे राहूया. त्यांची बिले वेळेवर निघावीत म्हणून आपण पालकांनी आवाज उठवूया. आणि त्याच वेळी त्यांना विचारूया: आठवड्यातून एकदा नाचणीची आंबील जमेल का? पुलावाऐवजी एक दिवस भात आणि कुळथाची पिठी? भाजीत मूठभर शेवग्याचा पाला? भरडधान्ये आहारात आणा असे केंद्रानेच राज्यांना सुचवलेले आहे, म्हणजे नियमाची आडकाठी नाही. पाला तर कोणाच्याही परसातून येईल. रोज एका वाड्याने द्यावा.

ब्राझीलने २००९मध्ये कायदाच केला: शाळेच्या आहारासाठी केंद्र सरकार जो निधी देते त्यातले किमान ३० टक्के छोट्या शेतकरी कुटुंबांकडून खरेदी करण्यासाठी खर्च व्हावेत, अशी त्यात अट होती. शाळेला ताजे मिळाले, शेतकऱ्याला हक्काचे गिऱ्हाईक मिळाले. आपल्याकडे गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचे भाजीचे गाडे गावोगाव आहेत. त्यांच्यामुळे स्वस्त भाजी घराघरात पोचली, हे मान्य करायलाच हवे. बेळगावची भाजीही भाजीच, ती पाकिटापेक्षा शंभरपट बरी. पण कोरगावचे तांदूळ आणि कुळागरातली केळी पहिल्यांदा त्याच गावच्या शाळेत पोचली, तर शेतकऱ्यालाही पुन्हा पेरावेसे वाटेल. पंचायतींनी आणि आमदारांनी एवढी जुळवाजुळव करून द्यावी. मागणी आपण करूया, ग्रामसभेत, नोंद होईल अशी.

जपानने २००५मध्ये मुलांच्या आहारशिक्षणाचा कायदा केला. तिथल्या शाळांत मुले स्वतः एकमेकांना वाढतात, एकत्र जेवतात, नंतर सगळे आवरतात, आणि जे खाल्ले ते कुठून आले हे शिकतात. यातल्या कशालाच मोठा खर्च नाही. आपल्याकडेही पाचवीच्या मुलांनी चौथीच्या मुलांना वाढावे. वाढणारा मुलगा ‘मला भाजी नको’ म्हणायला लाजतो.

शाळेच्या फाटकाबाहेरचा प्रश्न मात्र थोडा धीटपणे हाताळावा लागेल. देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२०मध्ये नियम केले: जास्त चरबी, मीठ आणि साखर असलेले पदार्थ शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येणार नाहीत. नियम आहे, पण तो भिंतीवर कोणी लावलेला नाही. फाटकासमोरचा दुकानदार आपल्याच गावचा असतो, त्याच्या मुलीही त्याच शाळेत असतात. त्याच्याशी भांडायला जाऊ नका. चार पालक मिळून जा आणि सांगा: मधल्या सुट्टीत केळी ठेव, उकडलेली रताळी ठेव, भाजलेले शेंगदाणे, चणे, आवळे, हंगामात जांभळे-करवंदे ठेव, आम्ही मुलांना तेच घ्यायला सांगू. त्याचा धंदा बुडता कामा नये. तो आपल्या बाजूचा झाला तर निम्मे काम झाले.

मे २०२५मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना साखरेचे फलक लावायला सांगितले. कोणत्या पेयात, कोणत्या चॉकलेटात किती साखर आहे ते मुलांना दिसावे म्हणून. आपल्या बहुतेक शाळा त्या मंडळाच्या नाहीत, पण एक पुठ्ठा, गोंद आणि साखरेच्या चार पुड्या यांना कुठल्या मंडळाची परवानगी लागते? चौथीच्या मुलांना गणिताच्या तासाला रिकामे पाकीट आणायला सांगा, पाठीमागचे बारीक अक्षर वाचायला लावा, तेवढी साखर तराजूवर मोजून पुडीत भरायला लावा. त्या संध्याकाळी घरात मुलेच आईवडिलांना शिकवतील. मुलाकडून आलेला धडा घर लवकर ऐकते, हा शिक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे.

आणि आज्या. या सगळ्यातली माझी सगळ्यांत मोठी आशा त्यांच्यावर आहे. महिन्यातून एक तास वाड्यावरच्या एका आजीला शाळेत बोलवा. तिने हातात एक भाजी घेऊन यावे, ती कशी ओळखायची, कुठे उगवते, कशी निवडायची ते सांगावे आणि आहार शिजवणाऱ्या बायकांबरोबर ती शिजवावी. मुलांनी तिचे बोलणे वहीत लिहावे, पान चिकटवावे, चित्र काढावे. पाचवीपर्यंत प्रत्येक मुलाकडे आपल्या गावच्या भाज्यांची स्वतः लिहिलेली वही असेल. महाराष्ट्रात कृषी विभाग दर पावसाळ्यात रानभाजी महोत्सव भरवतो आणि त्याला गर्दी होते. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे शाळा शिकलेल्या नाहीत. गावठी बियाणे जपले म्हणून देशाने त्यांना पद्मश्री दिली. तसे जाणणारे हात आपल्याकडेही आहेत. त्यांना आपण अजून कोणी वर्गात खुर्ची दिलेली नाही.

इथे एक सावधगिरी. रानातले सगळेच खाण्यासारखे नसते. माटोळीत शोभेसाठी टांगतो ते कवंडाळ तोंडात घालायचे नाही, कच्चा कारांदा खायचा नाही, आळंबी तर पक्क्या जाणकाराशिवाय तोडायचीच नाही. मुलांनी आपापले जाऊन काही खुडू नये, हा पहिल्या तासाचा पहिला धडा असावा. आणि खुडताना मुळासकट उपटायचे नाही, पुढच्या वर्षासाठी ठेवायचे, हा दुसरा.

शाळेच्या परसबागेची गोष्ट निघाली की माकडांचे नाव निघते. खरे आहे. म्हणून ज्यांच्या वाटेला माकडे सहसा जात नाहीत तेच लावूया: अळू, हळद, सुरण, आले, मिरची. हळदीची पाने असली की नागपंचमीला शाळेतच पातोळ्या होतील. शेवग्याची फांदी पावसाच्या तोंडावर खोचली तर पुढच्या वर्षी पाला मिळतो. फार मोठी बाग नको; सांभाळता येईल एवढीच.

पीएम पोषण योजनेत तिथी भोजनाची सोय आहे. घरातला वाढदिवस, लग्न, बारसे या निमित्ताने कोणीही शाळेतल्या मुलांना एक दिवस विशेष जेवण देऊ शकतो. आपल्या मुलांच्या वाढदिवसाला आपण रंगीत केक आणि पाकिटे वाटतो, त्यात पैसा कमी जात नाही. तेवढ्याच पैशांत खतखते होईल, मुगागाठी होईल, तवसळी होईल, गुळाचे पोहे होतील. मुख्याध्यापकांशी आधी बोला, शिजवणाऱ्या गटाला पैसे द्या आणि मुलाला आपल्या हाताने वाढू द्या. वर्गातल्या वीस घरांनी ठरवले तर वर्षातले वीस दिवस झाले.

घरातले काम याहून सोपे आहे आणि याहून अवघडही. सोपे, कारण कोणाची परवानगी नको. अवघड, कारण रोजचे आहे. चहापासून सुरुवात करूया. लहान मुलाला सकाळी चहा-बिस्किट देणे बंद करणे हीच एक मोठी सुधारणा ठरेल. चहातल्या टॅनिनमुळे जेवणातले लोह नीट शोषले जात नाही, आणि आपल्या मुलांना लोहच कमी पडते आहे. त्याऐवजी पेज, आंबील, ताक, एक अंडे, केळे. पोदेर दारात येतो तेव्हा मैद्याच्या पावाबरोबर कोंड्याची पोळीही घ्या; मागणी असली तर तो ती जास्त भाजेल. मासळी परवडत नाही असे वाटते तेव्हा मोठ्या माशाकडेच नजर असते; तारल्यांसारखी लहान मासळी स्वस्त आणि काट्यासकट खाता येते तेव्हा कॅल्शियमही देते.

मूल एकदा ‘शी’ म्हणाले की आपण भाजी करणे सोडून देतो. तिथे चूक होते. नवी चव मुलाला आवडायला ती आठ-दहा वेळा तरी, कधी त्याहून जास्त वेळा, समोर यावी लागते, असे आहारावर काम करणारे संशोधक सांगतात. जबरदस्ती नको, लाच नको, ‘भाजी खाल्लीस तर चॉकलेट’ तर मुळीच नको, कारण त्यातून मूल एवढेच शिकते की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. एक चमचा ताटात ठेवा, स्वतः आवडीने खा, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा करा. बाबांनी शेंग सोलावी, तांदूळ निवडावे, रविवारी पिठी स्वतः करावी. घरातल्या पुरुषाने केलेले आणि खाल्लेले अन्न मुलगे निमूट खातात.

सगळे गोड बंद करा असे मी म्हणत नाही. लईराईच्या जत्रेत खाजे खायचे नाही तर कधी? पेडण्याच्या पुनवेला मुलाच्या हातात काहीतरी गोड हवेच. सणाचा गोडवा सणाला असू द्या. रोजचा मंगळवार जत्रेसारखा साजरा होऊ लागला तिथे घोटाळा झाला.

आपल्याकडे मदतीला माणसे आहेत, हेही विसरू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहेत, वाड्यावाड्यावर अंगणवाडी ताई आहेत. धारगळला २०२२पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्था उभी आहे. तिथल्या डॉक्टरांना आपल्या शाळेत बोलवायला एक पत्र पुरते. मुलांची उंची-वजने वर्षातून दोनदा मोजा, आकडे पालकांना लिहून द्या, आणि ज्याचे वजन वाढत नाही किंवा फार वाढते त्याच्या घरी कोणीतरी आपुलकीने जाऊन या. त्यात लाज वाटण्यासारखे काहीच नाही.

येत्या जूनमध्ये प्राथमिक शाळा उघडतील. पहिल्या काही आठवड्यांत पालक-शिक्षक संघाची सभा होते. बहुतेक वेळा तिथे गणवेश आणि फी यांवर बोलणे संपते. या वेळी त्या सभेला आई आणि बाबा दोघेही जाऊया. आजीलाही घेऊन जाऊया. मुख्याध्यापकांना विचारूया: आठवड्यातून एक दिवस गावच्या धान्याचा आणि गावच्या पाल्याचा आहार ठरवायचा का? फाटकापासून ५० मीटर मोजायला कोण येते? पहिले तिथी भोजन कोणाच्या घरचे? या प्रश्नांची उत्तरे त्याच खोलीत बसलेल्या माणसांकडे असतात. आणि सभा संपायच्या आत आजीच्या तासासाठी पहिले नाव वहीत लिहून घ्या, तारखेसह.